लिंबूटिंबूवर राज्य

मंडळी, ऐका! आज पूर्वरंगात रेंगाळत नाही, एकच सवाल टाकतो — पाच वर्षांचं पोर म्हणतं, 'काल मी वाघाला पळवलं.' हे पोर खोटं बोलतं का? हं! मागे 'हो' म्हणून माना हलल्या. मी म्हणतो, नाही! भांडायचं असेल तर कीर्तन संपल्यावर या.

आमच्या गावात देवळामागं पोरं लपाछपी खेळायची. त्यात एक अनसू — पाच वर्षांची, शेंबडी, परकर सुतळीनं बांधलेला. तिला खेळात घेतलेलं, पण लिंबूटिंबू म्हणून! पळायचं, लपायचं, पण सापडली तरी बाद नाही, तिच्यावर राज्य नाही. लाडच हो — पण 'कोण कोण राहिलं?' म्हटलं की तिचं नाव कुणी घेईना! हे तिला फार लागायचं.

दमले की पारावर गप्पा. पुढारी धोंडू, आठ वर्षांचा. 'माझ्या मामानं एक वाघ मारला!' लगेच मंजी, 'माझ्या काकानं दोन!' — हसता काय? लग्नाच्या पंगतीत तुम्ही वेगळं काय करता?

अनसू उभी राहिली. 'काल वाघ इथंच आला! धोंडूला धरलं, मंजीला धरलं, सगळे बाद! मग मला पंजा लावला. मी म्हटलं — मी लिंबूटिंबू आहे, मला बाद करता येत नाही! तसा वाघ पळालाच!'

धोंडू हळूच म्हणतो, 'मग? आम्हाला सोडवलंस का?'

बघा! पुढाऱ्याचा जीव शेंबड्या पोरीच्या हातात!

'आधी सांग, माझ्यावर राज्य येणार का?'

तेवढ्यात पुजारी ओरडले, 'ए कार्टे! देवाच्या दारात थापा मारतेस?'

अनसूनं कमरेवर हात ठेवले. 'मारते! मला कुणी मोजत नाही, म्हणून मारते!'

धोंडू कबूल झाला. पुढच्याच डावात अनसू सापडली, राज्य आलं! खांबाला डोळे टेकून आकडे म्हणू लागली — बारानंतर एकदम वीस! कुणाची टोकायची छाती झाली नाही.

आता माझ्याकडं बघा. सुनेला सणाला लुगडं घेता, जमिनीच्या बोलण्यात धरता का? ग्रामसभेत बायकांच्या सह्या घेता, बोलू देता का? उद्या त्यांच्यातली कुणी आवाज चढवून, चार गोष्टी फुगवून सांगू लागली, तर 'खोटं बोलू नको' म्हणायच्या आधी आठवा — हिला मी कधी मोजलं होतं? नसेल, तर गप बसा आणि पुरतं ऐकून घ्या! देव त्या पोरीच्या बाजूनं आहे, मीही आहे. तुम्ही कुठं आहात, ते टाळ वाजायच्या आधी ठरवा!