काकांचा भविष्यकाळ

मी शिकवलं की समोरच्याला येतंच, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. फक्त जोशीकाकांचा भविष्यकाळ माझ्या हाती लागला नाही.

बँकेतून रिटायर झालेले काका लेकीकडे परदेशी जायचं म्हणून फ्रीगंज भागातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला यायचे. ‘विल टेक’, ‘विल हॅव टेकन’, सगळं तोंडपाठ. पण प्रत्येक वाक्य संपलं की हात जोडून, "महाकाल ने चाहा तो!"

मी म्हटलं, "काका, इंग्रजीत ठाम बोलायचं. ऐका. उद्या पाचला आय विल टेक युवर टेस्ट. बस!"

काका हसले. "बघू हं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी कोणी मंत्री महाकालाच्या दर्शनाला आले आणि पोलिसांनी माझा रस्ताच अडवला. साडेपाच झाले. शिपायाला विचारलं, "भैया, कब खुलेगा?"

"खुल जाएगा मैडम, महाकाल ने चाहा तो."

मी मुकाट्यानं काकांना फोन लावला. "काका, आय विल टेक युवर टेस्ट टुमॉरो..." आणि पुढचे शब्द आपोआप माझ्या तोंडून निघाले.

काका म्हणाले, "शाब्बास! आता वाक्य पूर्ण झालं."