दहा नंबरची गोटी

वडील गेल्यावर लेकीनं त्यांची हत्यारं भंगारात दिली. आज ती गॅरेजच्या बाकावर गाडीची वाट बघत बसली होती. आत दोन मेकॅनिक बोलत होते.

"झकास पाना. नट खोलायच्या गोट्या सगळ्या पोकळ मुठीतच."

"भंगारातून उचलला. तूच ठेवून घे."

"का रे, चावतो?"

"संध्याकाळी मी गोट्या कशाही कोंबतो. सकाळी ओळीनं लावलेल्या. दहा नंबरची तेवढी उलटी, बाहेर डोकावणारी."

"उंदीर असेल."

"उंदराला नंबर कळतात?"

"मग सरळ करून ठेव."

"आत्ताच केली. उघड मूठ."

खटका वाजला. "परत उलटी!"

लेक आत गेली आणि पान्याशी बोलली.

"बाबा, माझी बोटं कधीच मोठी झाली. सरळ ठेवलेलीही निघते मला. माझ्यासाठी उलटी ठेवताना तुम्हाला बरं वाटायचं, म्हणून बोलले नव्हते."