चौथा मजला सगळ्यात शेवटी

…बसा ना पास्टर, उभे काय राहिलात, त्या खोक्यावर बसा, आत प्रिंटरचा टोनर आहे, मोडत नाही. येते म्हटलं ना वर— येतेच, एवढं संपलं की येते. काय करतेस इथे हॉस्पिटलच्या तळघरात म्हणून विचारलंत ना, तर सांगते. रविवारी तुम्ही प्रार्थनेचा कागद छापता, बटण दाबता आणि विसरता, हो की नाही? तुमचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्या मधे एकजण बसलेला असतो— माणूस नव्हे हो, प्रोग्राम. सगळ्यांचे कागद घ्यायचे, रांगेत लावायचे, एकेक पुढे सोडायचा. बिनबोभाट काम करतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. आणि त्याच्या कमरेला अख्ख्या घराच्या किल्ल्या. का? ज्यांनी लिहिला त्यांना वाटलं, घरचाच आहे, असू देत. आता कळतंय की कुणीही यावं, ओळख ना पाळख, म्हणावं, मी नवा प्रिंटर, हे माझं सामान आत ठेव— आणि हा ठेवतो. न उघडता. त्या सामानात काय वाटेल ते असेल, सगळं हॉस्पिटल चोराच्या हातात, एका प्रिंटरपायी. एक पॅच आला, म्हणजे प्रोग्रामचं भोक बुजवायचं ठिगळ, लावला, तर शेजारीच दुसरं भोक. दुसरा लावला, तर बाळंतिणींच्या वॉर्डात मनगटाच्या नावाच्या पट्ट्याच छापेनात. रोगापेक्षा इलाज भयंकर. आजचा तिसरा.

म्हणून आमची एक रीत आहे. आधी छपाई सगळीकडे बंद. मग एकेक मजला— पॅच लावायचा, चालू करायचं, थोडं थांबून बघायचं, मग पुढचा. जिथे बिघडलं तर कुणाचं अडत नाही तिथून सुरुवात. म्हणजे बिलांचं ऑफिस— बिल उशिरा आलं म्हणून आजवर कुणी रडलंय? मग स्वयंपाकघर, मग वॉर्ड, आणि अतिदक्षता सगळ्यात शेवटी. चौथा मजला शेवटी. नियम माझाच आहे. डेल हसतो त्याला. म्हणतो, लोर्ना, तू ओव्हनमधली हॉटडिशसुद्धा अशीच वाढतेस, आधी मला, मी मेलो नाही तर पाहुण्यांना. चारचौघांत म्हणतो, नवरा असून.

म्हणतो म्हणजे… म्हणायचा म्हणा हवं तर. मला अजून जमत नाही ते. परवा बर्फ उपसायला गेला, अंगणातला मशीनने काढला, पायऱ्यांवरचा फावड्याने काढत होता, मी खिडकीतून बघत होते, कॉफी ओतत होते, आणि खाली बसला. मला वाटलं बुटाची नाडी बांधतोय. डोक्यात नस फुटली होती. आज सकाळी डॉक्टरांनी चित्रं दाखवली, आतलं काही परत यायचं नाही म्हणाले, चौथ्यावर त्याचा श्वास मशीन घेतंय. मला सगळं समजलं हो. आणि मी काय विचारलं माहितीये? ते मशीन नेटवर्कवर आहे का. मग म्हटलं, मशीन काढायचा कागद तयार करा, सही करते. आणि खाली आले. तो कागद हाताने लिहिलेला चालत नाही आपल्याकडे, वकिलांचं म्हणणं, छापलेलाच हवा, पेशंटच्या नंबराच्या पट्टीसकट. आणि छपाई तर बंद. मुद्दाम नाही हं— पॅच आजच लावायचा आधीपासून ठरलं होतं. माझ्याबरोबर काम करणारा रेमंड म्हणाला, मी करतो, तू वर जा. मी त्यालाच घरी पाठवलं.

काय बघताय? हो, पडद्यावरचे ठिपके हिरवे म्हणजे झाले. सगळे हिरवे. तो सगळ्यात खालचा, तो चौथा मजला. पॅच तिथेही लागलाय. संध्याकाळच्या जेवणाच्या आधीच लागला. चालू तेवढं केलं नाही. थोडं थांबून बघावं लागतं ना— नाही, ते आधी चालू करून मग बघायचं असतं. मी आत्ताच सांगितलं तुम्हाला. पास्टर, मला काही वाटत नाहीये, खरंच. रडू नाही, तुमच्या चर्चच्या बायकांनी पाठवलेली लिंबाची वडी खाल्ली, गोड लागली. फक्त हे एक बटण दाबवत नाही. आणि डेलजवळची ती जेनिन काही बावळट नर्स नाही. तिसरा मजला दुपारपासून चालू आहे, एक जिना उतरून काढता आला असता तिला कागद. काढला नाही. कुणी फोनसुद्धा केला नाही. वर सगळ्याजणी सकाळपासून औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहीत बसल्यात— आणि मी म्हणतेय, थांबून बघावं लागतं.

मग तुम्हाला पाठवलं कुणी? सासूबाईंनी? म्हणजे व्हर्नांनी? त्या कुणाला काही सांगत नाहीत हो. एवढ्या वर्षांत सूप गार आहे असंही कधी म्हणाल्या नाहीत. अंगावरचा कोट तरी काढलाय का त्यांनी? नाही ना. काय म्हणाल्या? परत सांगा. “तिला म्हणावं, माझ्याने आता बघवत नाही त्याच्याकडे.” अशा म्हणाल्या? बघवत नाही म्हणाल्या? आणि मी इथे बसून…

थांबा. दाबलं. झालं. नाही, आवाज वगैरे काही येत नाही, एवढंच असतं. हे बघा, रांग सुटली— तपासण्यांचे रिपोर्ट, कुणाचं तरी जेवण, आणि हा डेलचा. डेल ओलाफ स्कारस्टॅड. तीनदा दिसतोय. कागद येत नाही म्हटलं की लोक परत परत दाबतात, सगळेच दाबतात, जेनिननेही सकाळी दाबलं असेल. तिन्ही बाहेर येतील आता. जेनिनला सांगा, एकच ठेव माझ्या सहीला, बाकीचे दोन सासूबाईंच्या हातात पडायच्या आत फाडून टाक. जा तुम्ही, पास्टर. मी येते मागून. जा ना.