आत्याला कळता कामा नये

पुण्याला जाऊन आमच्या आत्याकडे गेलो नाही तर वर्षभर रुसवा, आणि गेलो तर जेवणातच दिवस जातो, मुलांचं सर्पोद्यान राहतंच. म्हणून या वेळी मी घरात सगळ्यांना बजावलं, आत्याला कळता कामा नये.

मुलुंडहून गाडी काढली आणि नेमका आत्याचाच फोन. मी गाडी चालवतोय, त्यामुळे धाकटीने उचलला, तोही स्पीकरवर.

"काय गं, आज कुठे बाहेर पडणार आहात का?"

"आत्याआजी, आम्ही पुण्याला येतोय, पण तुला सांगायचं नाहीये."

म्हटलं, वाट लागली यार.

आत्या हळूच म्हणाली, "बाबाला सांगू नकोस हं. मी कालपासून मुलुंडलाच आहे, मैत्रिणीकडे. आता निवांत बाजारात जाते."