सहीतलं आडनाव

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर दिंडोरीच्या बसच्या रांगेत उज्वलाच्या पुढे पाट्या रंगवणारे वाल्मीककाका आणि त्यांची शिष्या भाग्यश्री उभे होते. भाग्यश्रीच्या बगलेत स्पर्धेचं चित्र होतं, अजून सही नसलेलं.

“काका, उतागावा हिरोशिगे, उतागावा कुनियोशी. जपानचे केवढे चित्रकार!”

“भाऊभाऊ व्हते?”

“नाही हो. शिष्य तयार झाला की गुरू त्याला आपलं आडनाव द्यायचा.”

“लय मोठ्या मनाची माणसं!”

“मग मलाही द्या. सहीत तुमचं गांगुर्डे लिहिते.”

“येडी का? आपल्याकडं आडनाव वाचून आधी जात हुंगत्यात, मंग चित्र बघत्यात. बक्षीस जाईल पोरी.”

“जाऊ द्या. हात तुम्हीच घडवलाय.”

बस लागली. दोघं जागचे हलेनात; काकांचं उत्तर ऐकायचं म्हणून उज्वलानेही मागच्या चौघांना पुढे जाऊ दिलं.

“लिही. पण रेघ थरथरली, तर पुसायला लावीन.”