लक्ष्मीपूजनाच्या रात्री उगवलेला चंद्र

मंडळी, आधी एक प्रश्न! माझा नाही हं. मागच्या खांबाला टेकून माझ्या तीन मैत्रिणी खिदळतायत ना, त्यांचा! "मारुतीसमोर, कीर्तनाचा हार गळ्यात घालून विचारून दाखव, तर तू खरी!" म्हणाल्या. घ्या, विचारते. पहिल्या नंबराचे पेढे देवापुढे ठेवले, आणि नंबरच खोटा निघाला, तर ते पेढे देवाला चालतात का?

काय म्हणालात तात्या? "पेढा तो पेढा!" वा! देवस्थानचे पंच शोभता!

तर ऐका. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या कॉलेजने नववीच्या पोरींसाठी ओळखवर्ग काढला. कॉलेजात काय शिकवतात त्याची आधीच चव! विषय तीन — भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, नीतिशास्त्र. म्हणजे वस्तू खाली का पडते, तारे वर कसे राहतात, आणि माणूस नक्की मधे कुठे लटकतो! तिन्ही विषयांना एकच मास्तर, डिग्रजकर सर. आणि जिची वही सगळ्यात छान, तिला मोठ्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायला नेणार. जागा किती? एक!

वर्गात एक होती वैजयंता. वैजू! वडलांचं वेल्डिंगचं दुकान. पोरीला शनीचं असं वेड, की लिंबाभोवती बांगडी धरून सगळ्यांना दाखवत फिरायची — "ही बघा कडी!" आणि दुसरी होती... तिला आपण हुशारबाई म्हणू. हुशारबाईकडे काय होतं? आदल्या वर्षीच्या ओळखवर्गात पहिल्या आलेल्या ताईची वही! बोला, बजरंगबली की जय!

पहिला प्रयोग. दोऱ्याला लोखंडी गोळा, तो झुलवायचा, झोके मोजायचे, गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात उत्तर छापलंय — नऊ पॉइंट आठ. आता उत्तर माहीत असताना झोके मोजायला आम्ही काय खुळ्या? हुशारबाईने उत्तर तळाशी लिहिलं आणि गणित उलटं वर चढवत नेलं! गोळा हलायच्या आत प्रयोग पूर्ण. तीच वही एकतीस जणींत फिरली.

वैजूने शंभर झोके मोजले. उत्तर आलं नऊ पॉइंट तीन.

सर म्हणाले, "काय गं, तुमच्या आळीत गुरुत्वाकर्षण कमी पडतं का?"

"सर, घड्याळ पुढे पळतंय."

"घड्याळ पुढे पळतंय, मग बाकी एकतीस जणींचं बरोबर कसं आलं?"

काय हा तर्क, मंडळी! वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं? हुशारबाई!

मग नीतिशास्त्र. 'माझ्या प्रामाणिकपणाचा एक प्रसंग' लिहा. एकतीस वह्यांत एकच प्रसंग — एसटीत विसरलेली लाल मुठीची छत्री मी परत केली! एकतीस छत्र्या, सगळ्या लाल मुठीच्या! विसरणारे आजोबा एकच! त्या म्हाताऱ्याला काय छत्र्यांची शेती होती? वैजूने लिहिलं, "मला असा प्रसंग आठवत नाही." सरांचा लाल शेरा — "मूल्यांचा अभाव."

आता खगोल! पंधरा दिवस रोज चंद्र बघा, आकार काढा, वेळ लिहा. हुशारबाईने ताईच्या वहीतले चंद्र तारखांसकट तसेच उतरवले, साल तेवढं बदललं. बघता बघता लक्ष्मीपूजनाचं पान आलं. दारोदार पणत्या... आणि वहीत? "रात्री नऊ वाजता पूर्वेला चंद्र उगवला. सुंदर, जवळजवळ गोल." अहो, तो आदल्या साली त्या तारखेला आलेल्या संकष्टीचा चंद्र! लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या! वैजूचं पान कोरं. वर एवढंच — "आज चंद्र नाही." तिला शेरा, "निरीक्षण अपूर्ण." हुशारबाईला? "उत्कृष्ट निरीक्षण!" पहिला नंबर!

न पाहता आकाश, भरले कागद।
देवा, तुझी दाद, मागू कैसी॥

हा आपला मारुतीराया बघा! जन्मल्या जन्मल्या सूर्याला फळ समजून झेपावला. चुकलाच की! पण वर बघून चुकला हो! आम्ही एकतीस जणी खाली बघून बरोबर आलो!

हो, 'आम्ही' म्हणाले मी. काय झालं गं खांबापाशी? खिदळणं थांबलं का?

पेढे याच मारुतीपुढे होते, मंडळी. परातभर! तुम्ही सगळ्यांनी खाल्ले. बाबांनी ती वही घरोघर दाखवली. तात्या, तुम्ही नेमकं तेच पान उघडून म्हणालात, "अक्षर काय सुरेख!" घरोघरी पंचांग असलेलं आपलं गाव, एकालाही अमावास्या दिसली नाही? दिसेल कशी! मागच्या माळावर पाचशे झाडं लावल्याचा फलक आहे, मी मोजली — फलकाचा लाकडी खांब धरून सात! आपण सगळेच उत्तर आधी लिहितो हो!

वहीतला तो खोटा चंद्र दिसला फक्त वैजूला. वही बघून ती माझ्या कानाशी आली, "पुढच्या अमावास्येला मलाही हाक मार गं, दोघी मिळून बघू." बस. कोणाला बोलली नाही. आज माझ्या मागे उभी राहून झांज वाजवतेय... वाजवत होती. थांबू नकोस गं!

आई, अशी पदराआड बघू नकोस. बाबा, उठू नका, आरती व्हायचीय! शनी बघायला नेणारी कॉलेजची गाडी रविवारी सुटते. उद्या सकाळी मी दोन्ही वह्या घेऊन डिग्रजकर सरांकडे जाणार, माझी आणि वैजूची. दोन्हींतलं लक्ष्मीपूजनाचं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवणार. ती जागा तिची आहे. तिला दिली नाही, तरी मी गाडीत बसणार नाही. ठरलं माझं.

आणि बाबा, पेढे पुन्हा आणू नका. एक कोरी वही आणा. पहिलं पान मी येत्या अमावास्येला लिहिणार आहे. गच्चीवर बसून, वर बघून — "आज चंद्र नाही."