बसून पगार

माहा बाप नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनीवर लाकडं चिरे, अन् मी त्याच्याच बाजूले रंधा मारत मारत सुतार झालो. लग्नाची बोलणी चालू झाली तं सासऱ्याची एकच अट, पोरगा सरकारी पाहिजे. म्हणून बांधकाम खात्यात लागलो, अन् काय सांगू तुले पोरा, आमच्या सक्करदऱ्याच्या मोहल्ल्यात बापानं असे पेढे वाटले जसा काही मी कलेक्टरच झालो.

काम कुठं, तं आमदार लोकांच्या राहाच्या खोल्या. हिवाळ्यात मुंबईचं सरकार नागपूरले येते, अधिवेशन भरते, तं त्याच्या आंधी आमची निस्ती धावपळ, फुगलेले दरवाजे तास, कुरकुरणाऱ्या खाटा ठोक, इकडून हाक मिस्त्री, तिकडून हाक मिस्त्री, जेवाले फुरसत नाही, पण झोप अशी लागे गा! मंग अधिवेशन संपलं की खोल्यांले कुलपं, अन् आम्ही हजेरी लावून कडुनिंबाखाली. बाकीचे पत्ते कुटत. मी बसो, उठो, फाटकापर्यंत जाओ, पुन्हा येऊन बसो. बायको म्हणे, बसून पगार भेटते तं तुम्हाले काहून खुपते जी, लोक तरसतात अशा नोकरीले. तिचं खोटं नव्हतं. पण एखाद्याले बसून खाल्लेलं पचते, एखाद्याले नाही पचत.

एका उन्हाळ्यात राहवलंच नाही, हापिसातल्या लंगड्या खुर्च्या खोलल्या अन् सगळ्या नीट करून टाकल्या. वाटलं, साहेब शाबासकी देईन. साहेबानं मेमो देला. म्हणे, कोणं सांगतलं तुले, ह्या खुर्च्या मोडीत काढाच्या होत्या, नव्या मंजूर झाल्या, आता मी वर काय दाखवू? सोबतचे हासून हासून मेले, म्हणे मिस्त्री, खुर्चीवर बस नं बावा, तिले काहून ठोकतं?

अन् यंदा मुकादमी आली. पगार वाढते, पण अवजाराले हात लावाचा नाही, सुतारकाम ठेकेदाराचे माणसं करतीन, आपण पाहत बसाचं. बायकोनं पोरीच्या सासरपर्यंत सांगून टाकलं. मी म्हणो, आतापर्यंत सालातून एकदा तरी हात चाले, हे तं जनमभराचं बसणं. जेवण जाये ना, झोप ये ना. शेवटी साहेबाले म्हटलं, मुकादमी राहू द्या, मले सरकारी दवाखान्यात बदली द्या, तिथं रोज काही ना काही मोडते. साहेब म्हणे, तब्येत बरी आहे नं बे? लोक काम टाळाले वशिला आणतात, तू काम मागून राहिला?

बदली देली. माह्या हाताखालचा होता तो मुकादम झाला, भेटला की म्हणते, काय मिस्त्री, अजून हातोडीच का? टोचते, नाही म्हणत नाही. बायको तं अजून नीट बोलत नाही, ताट ठेवते अन् म्हणते, जेवा, हट्टी माणूस.

पण परवा बाळंतिणींच्या वार्डात पाळणा ठोकत होतो, तं एक बाई खाटेवरून म्हणे, भाऊ, लवकर करा जी, माहे हात भरून आले लेकरू धरून धरून. आता तूच सांग, मुकादमाले कोण म्हणते लवकर करा?

तुहं कॉलेज झालं की तुलेही नोकरी लागो गा, सरकारीच लागो. पण अशी लागो की कोणी तरी तुही वाट पाहत राहीन.